काचेला कान

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी मागे पडली की रस्त्याची जातच बदलते. चाकण औद्योगिक वसाहतीतून निघालेले कंटेनर, नव्याकोऱ्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बस, ठेकेदारांचे टेम्पो आणि आळंदी फाट्याला वळू पाहणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्या एकाच डांबरावर दाटीवाटीने चालतात. कुणी कुणाला घासले, कोण उलट्या दिशेने घुसले, यावरून इथे हुज्जत व्हायला निमित्त लागत नाही. ‘चूक कुणाची?’ या प्रश्नाचा निकाल पूर्वी ज्याच्या बाजूने चार माणसे जास्त त्याच्या बाजूने लागे. आता पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे चिकटवलेली एक काळी डबी साक्ष द्यायला तयार असते. डॅशकॅम एकेकाळी हौसेची चीज होती. ह्युंदाईने २०२२ मध्ये ‘व्हेन्यू एन लाइन’मध्ये आणि २०२३ मध्ये ‘एक्स्टर’सारख्या लहान गाडीतही तो कंपनीतूनच बसवून दिला. बाहेरून विकत घ्यायचा तर ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

डबी घेताना चौकशी होते ती चित्राची: किती मेगापिक्सेल, रात्री नंबरप्लेट दिसते का, मागचा कॅमेरा सोबत आहे का. तिच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्या छिद्रामागे मायक्रोफोन असतो आणि बहुतेक डबीत तो पहिल्या दिवसापासून चालूच असतो. कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या जागेकडे असते. मायक्रोफोन मात्र गाडीच्या आत ऐकतो, आणि बंद काचांच्या आत माणसे चारचौघांत बोलणार नाहीत ते बोलतात. डॅशकॅमचा आवाज चालू ठेवावा की नाही, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

डबीला काय ऐकू येते

आधी यंत्राचे पाहू. मायक्रोफोन डबीतच असल्याने चालक आणि शेजारचा प्रवासी यांचे बोलणे त्यात सर्वात स्पष्ट येते. मागच्या सीटवरचे बोलणे थोडे दबते. काचा वर असतील आणि एसीचा पंखा जोरात असेल, तर बाहेरचा माणूस काय ओरडला हे कळणे कठीण. काच खाली केली की बाहेरचे बोलणे येते, पण सोबत वारा आणि शेजारच्या ट्रकचे इंजिनही येते.

जागा वाचवण्यासाठी आवाज बंद करावा असा एक सल्ला दिला जातो. त्याला फारसा आधार नाही. फुल एचडी चित्रीकरण मिनिटाला साधारण १०० एमबी खाते, तर त्याच मिनिटाचा आवाज एक एमबीच्या आसपास असतो. ६४ जीबीच्या कार्डावर असे दहा-अकरा तास मावतात. मग जुन्या फाइलवर नवी चढते. धक्का बसला की आतला सेन्सर त्या वेळची फाइल कुलूपबंद करतो, पण हलक्या घासाघाशीत तो जागा होईलच असे नाही. नाशिकहून येताना सकाळी झालेला प्रकार संध्याकाळपर्यंत चाकणच्या कोंडीत पुसला जाऊ शकतो. कार्ड वेळेत काढून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

आणखी एका गोष्टीचा विचार होत नाही. गाडीला ब्लूटूथने जोडलेल्या फोनवर बोलणे सुरू असले, तर पलीकडच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून घुमतो आणि तोही कार्डावर उतरतो. गाडीत नसलेला, कॅमेरा असल्याची कल्पनाही नसलेला माणूस अशा रीतीने नोंदीत येतो.

टक्कर आणि आवाज

मग आवाज ठेवायचाच कशाला? कारण चित्राला न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यात असतात. पुढे पाहणाऱ्या कॅमेऱ्यात मागून आलेली धडक दिसत नाही, ऐकू येते. स्वतःच्या चालकाने हॉर्न दिला होता का, टायर घासले का, इंडिकेटरची टिकटिक सुरू होती का, हे चित्रावरून सांगता येत नाही. इंजिनाच्या घरघरीतूनही हिशेब निघतो. चार सिलिंडरच्या, चार फेऱ्यांच्या इंजिनात एका मिनिटातील फेऱ्यांना तीसने भागले की त्याच्या मूळ स्वराची कंप्रता मिळते. ३००० फेऱ्यांना १०० हर्ट्झ. गिअर कोणता हे कळले तर त्यावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. ‘मी ॲक्सिलरेटर सोडला होता’ हे विधान ध्वनितज्ज्ञाला आलेखावर तपासता येते.

१९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात, कार्तिकी यात्रेसाठी आळंदीकडे निघालेल्या संत नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यात जेसीबी घुसला. नामदेव महाराजांचे वंशज सोपानमहाराज नामदास यांच्यासह दोन वारकरी मरण पावले. ब्रेक निकामी झाल्याचे कारण पुढे आले. उतारावरच्या बहुतेक मोठ्या अपघातांत हेच कारण पुढे येते आणि ते खरे की खोटे हे शोधताना तपास अधिकाऱ्यापुढे वाकलेला पत्रा आणि घाबरलेले साक्षीदार एवढेच असतात. जड वाहनाच्या हवेच्या ब्रेकचा सुस्कारा, गिअर उतरवताना चढणारा इंजिनाचा सूर, दिलेला किंवा न दिलेला हॉर्न यांची नोंद असेल, तर अशा तपासाला वेगळी दिशा मिळू शकते.

रस्त्याबाहेरचे एक उदाहरण बोलके आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा तिचा मार्ग शास्त्रज्ञांनी प्रामुख्याने डॅशकॅम आणि सुरक्षा कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून काढला. झोत दिसल्यानंतर दोन मिनिटांहून अधिक काळाने स्फोटाचा दणका शहरात पोहोचला. हे अंतर मोजता आले, कारण चित्राबरोबर आवाजही नोंदवला गेला होता.

पण जो आवाज वाचवतो तोच अडकवतोही. धडकेच्या क्षणी तोंडातून निघालेले ‘अरे, दिसलाच नाही!’ हे घटनेचाच भाग म्हणून न्यायालयात मांडता येते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४ मध्ये त्याला जागा आहे. त्याआधी अर्धा मिनिट चालक फोनवर बोलत होता की पोराला दटावत होता, हेही त्याच फाइलमध्ये असते. तो आवाज माझा नाहीच, असे म्हणून सुटकाही होत नाही. आरोपीला आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने रितेश सिन्हा खटल्यात २०१९ मध्ये ठरवले आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आता ते लिहिलेलेच आहे.

मुंबईच्या टेपांनी घडवलेला कायदा

डॅशकॅम नवा असला तरी ध्वनिमुद्रणाच्या पुराव्याचा आपला कायदा जुना आहे आणि तो बराचसा मुंबईत घडला आहे. युसुफअली नगरी खटल्यात महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ पाहणाऱ्याचे बोलणे नोंदवण्यासाठी पोलिसांनी खोलीत पुस्तकांच्या आड मायक्रोफोन लपवला होता. घटनेच्या वेळीच झालेले ध्वनिमुद्रण छायाचित्रासारखेच ग्राह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले. पाच वर्षांनी आर. एम. मलकानी खटला आला. मुंबईच्या कॉरोनरवर एका डॉक्टरकडून पैसे मागितल्याचा आरोप होता. दुसऱ्या डॉक्टरांच्या संमतीने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरचे बोलणे पकडले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असल्याने तार अधिनियमाचा भंग झाला नाही, असा निकाल १९७२ मध्ये लागला. आवाज कुणाचा हे ओळखता आले पाहिजे, मुद्रण अचूक हवे, त्यात फेरफार झालेला नसावा, या कसोट्या झियाउद्दीन बुखारी यांच्या निवडणूक खटल्यात १९७५ मध्ये पक्क्या झाल्या. हा खटलाही मुंबईचाच.

लाचेच्या सापळ्यात मागणीची पडताळणी आजही व्हॉइस रेकॉर्डरवर होते. त्यामुळे गाडी अडवून ‘साहेब, मिटवून टाका’ म्हणणाऱ्याचा आवाज डॅशकॅमने टिपला तर तो काही नवलाईचा पुरावा ठरत नाही. पोलिसांशी झालेले बोलणे नोंदवणे हाच गुन्हा, असे कुणी बजावले तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल आठवावा. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणावरून शासकीय गुपिते अधिनियमाखाली दाखल झालेला गुन्हा न्यायालयाने रद्द केला. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, हे त्याचे कारण. उलट बाजूने, केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७-अ मध्ये वाहतूक पोलिसांच्या उपकरणांच्या यादीत अंगावरच्या कॅमेऱ्याबरोबर डॅशबोर्ड कॅमेराही आहे.

जालन्यातून आलेली अट

पुरावा ग्राह्य असणे आणि तो नीट सादर होणे यांत अंतर आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांनी उमेदवारी अर्ज मुदत टळून गेल्यावर भरला, असा आक्षेप होता. त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा आधार घेतला गेला, पण त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ उपकरणच हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच, असे १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे. उलट ती जास्त काटेकोर झाली. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाइलचे हॅश मूल्यही त्यात लिहावे लागते. फाइलमधला एक अक्षरभर डेटा बदलला तरी हे मूल्य बदलते.

व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत इथेच मार खाते. पाठवताना ती दाबून लहान केली जाते, हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. कुणी त्यातली गाणी किंवा शिव्या काढून टाकल्या असतील, तर विरुद्ध पक्षाच्या वकिलाला ‘फेरफार’ हा शब्द उच्चारायला आयते निमित्त मिळते. कार्ड जसेच्या तसे काढावे, लिफाफ्यात घालून तारीख घालावी आणि गाडीत दुसरे कार्ड लावावे, हा साधा मार्ग आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे संशयापलीकडच्या पुराव्याची गरज नसते, अधिक संभाव्य काय एवढे दाखवावे लागते. तिथे अशी जपलेली फाइल दाव्याचे पारडे फिरवू शकते.

शेजारच्या सीटवरचा माणूस

इथवरची बाजू पुराव्याची झाली. आता दुसरी. आळंदी देवाची म्हणून प्रसिद्ध आहे, तशी झटपट आणि कमी खर्चातल्या लग्नांसाठीही. घरच्यांना न सांगता लग्न करायला येणारी जोडपी इथल्या मंगल कार्यालयांना नवी नाहीत. अशा जोडप्याने भाड्याची गाडी केली, मागच्या सीटवर बसून गावाचे नाव, घरच्यांची भीती, पुढे कुठे राहायचे हे सगळे बोलून घेतले आणि ते पुढच्या डबीत गेले, तर? चालक भला असेलही. पण कार्ड गाडीमालकाचे असते, आणि मालकाला फोन करून ‘आमची पोरगी तुमच्या गाडीत होती का?’ असे विचारणारे कुणीही असू शकते. हे बोलणे चोरून ऐकण्यासाठी मुद्दाम यंत्र लावावे लागले नाही, ते अपघाताच्या पुराव्यासाठी लावलेल्या यंत्रात आपोआप साठले.

कायद्याचे इथे काय म्हणणे आहे? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. पण खासगी गाडीत संमतीशिवाय आवाज नोंदवण्यास थेट मनाई करणारे कलम आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई चित्राबद्दल आहे, आवाजाबद्दल नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग खटल्यात नवऱ्याने बायकोच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य मानले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ खासगी किंवा घरगुती वापराला लागूच होत नाही. सारांश, स्वतःच्या गाडीत स्वतःच्या कुटुंबासह फिरणाऱ्याला कायदा जवळपास मोकळे सोडतो. ती फाइल समाजमाध्यमावर चढवली की घरगुती वापराचा आडोसा उरत नाही, आणि कुणाची बदनामी झाली तर तो वेगळाच गुन्हा.

बाहेरचे देश

चाकणमध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन या दोन जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. ज्या देशाच्या गाड्या इथे जुळतात, त्या देशात मात्र डबीचा आवाज चालू ठेवणे जोखमीचे आहे. खासगीत बोललेले शब्द परवानगीविना मुद्रित करणे हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मॅग्डेबर्गमधल्या एका टकरीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी एक चमत्कारिक वाटणारा, पण विचारपूर्वक निकाल दिला: सतत चालणारे डॅशकॅम चित्रीकरण विदा संरक्षण कायद्याचा भंग करते, तरीही दिवाणी दाव्यात ते पुरावा म्हणून पाहता येईल.

इंग्लंडमधला प्रश्न टॅक्सीचा होता. साउथॅम्प्टन नगरपालिकेने टॅक्सींत अखंड चित्र आणि आवाज दोन्ही नोंदवण्याची सक्ती केली. माहिती आयुक्तांनी २०१२ मध्ये ती थांबवण्याची नोटीस दिली आणि पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाने ती उचलून धरली. आक्षेप सरसकट, विनाखंड ध्वनिमुद्रणाला होता. गरजेपुरते बटण दाबून आवाज सुरू करणे वेगळे, हा भेद तिथे महत्त्वाचा ठरला.

कॅलिफोर्नियात मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. तिथे खासगी संभाषण नोंदवायला सर्व बोलणाऱ्यांची संमती लागते, आणि काचेवर घटना-मुद्रक लावला असेल तर ‘प्रवाशांचे बोलणे नोंदले जाऊ शकते’ अशी पाटी दिसेल अशा जागी लावावी लागते. पुण्याहून मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना गाडीत शिरताच ही पाटी वाचून नवल वाटेल, पण तिथल्या गाडीमालकासाठी ती कायद्याची अट आहे.

कंपनीची बस, ठेकेदाराचे कार्ड

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात गाडीत बसणारा बहुतेक वेळा गाडीचा मालक नसतो. पाळीचे कामगार ठेकेदाराच्या बसमधून येतात, अभियंते कॅबमधून, शाळकरी मुले व्हॅनमधून, दिंड्या टेम्पोतून. त्यामुळे ‘आपली गाडी, आपला कॅमेरा’ हा हिशेब इथे अपुरा पडतो.

सुरक्षेची गरज इथे नाकारता येत नाही. २००७ मध्ये गहुंज्याजवळ एका बीपीओ कर्मचारी तरुणीचा कंपनीच्याच कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने खून केला. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत कंपनीच्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चार कर्मचारी मरण पावले. आधी बिघाड वाटलेली ही आग चालकाने रागातून लावली, असा आरोप पोलिसांनी नंतर ठेवला. गाडीत काय बोलले गेले, हे कळणे अशा वेळी तपासाला हवेच असते. उबरने २०१९ मध्ये ब्राझील आणि मेक्सिकोत सुरू केलेली आणि पुढे भारतातही आणलेली ध्वनिमुद्रणाची सोय याच गरजेतून आली. तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे: फाइल सांकेतिक रूपात फोनमध्ये राहते, चालक किंवा प्रवासी ती ऐकू शकत नाहीत, तक्रार करून पाठवली तरच कंपनीला ती उघडता येते.

विमानात हा प्रश्न फार आधी उभा राहिला. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉरन यांनी १९५०च्या दशकात कॉकपिटमधले बोलणे टिपणारे यंत्र बनवले, तेव्हा वैमानिकांच्या संघटनेने हेरगिरी म्हणून त्याला विरोध केला होता. यंत्र शेवटी स्वीकारले गेले ते कुणी, कधी आणि कशासाठी ऐकायचे याचे नियम बांधून. अहमदाबादच्या जून २०२५ च्या विमान अपघाताच्या प्राथमिक अहवालातही संपूर्ण संभाषण नव्हते, वैमानिकांमधल्या एका प्रश्नोत्तराचा गोषवारा तेवढा होता. आपल्या रेल्वेने इंजिनांत चालकांचा आवाज आणि चित्र नोंदवणारी यंत्रणा बसवायला घेतली, ती याच वाटेने.

ट्रकचालकाचे दुखणे मात्र कॉकपिटपेक्षा वेगळे आहे. केबिन हे त्याचे कामाचे ठिकाण असते तसेच रात्रीचे घरही. तो तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, घरी फोन करतो, मालकाला शिव्या देतो. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालवाहतूकदार रस्त्यावर उतरले आणि ते उपकलम सरकारने स्थगित ठेवले. ‘जमावाच्या भीतीने पळावे लागते’ असे म्हणणाऱ्या चालकाला दगडफेकीचा आणि आरडाओरड्याचा आवाज हा खरा आधार होऊ शकतो. त्याच डबीत त्याचे घरगुती बोलणेही मालकाच्या सर्व्हरवर जात असेल, तर तो छिद्रावर चिकटपट्टी लावणार हे उघड आहे.

विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने अमलात यायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. व्यवसायासाठी आवाज साठवणारा कॅबमालक, वाहतूक ठेकेदार किंवा कंपनी ‘घरगुती वापरा’च्या सवलतीत बसत नाही. नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कलम ७ मध्ये संमतीची सूट आहे. तिचा आधार कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत घेतील. आळंदीला निघालेल्या भाड्याच्या प्रवाशाला ती लागू करता येणार नाही. त्याला सूचना द्यावी लागेल आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची मुभा द्यावी लागेल. साठवलेली माहिती सुरक्षेतल्या हलगर्जीपणामुळे फुटली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कंपनी आणि वाहतूक ठेकेदार यांच्यातल्या करारात डिझेलचा दर, गाडीचे वय आणि उशिराचा दंड या बाबी असतात. कार्ड कुणाच्या ताब्यात, आवाज किती दिवसांनी पुसायचा, तक्रारीशिवाय तो ऐकण्याचा अधिकार कुणाला आणि चालकाला जेवणाच्या व झोपेच्या वेळी मायक्रोफोन बंद करता येईल का, ही चार कलमे मुदत संपण्यापूर्वी त्यात घालावी लागतील. डबीवर आवाजाचे बटण आहे. ते दाबण्याचा हक्क कुणाचा, हे आज कुठल्याच कागदावर लिहिलेले नसेल, तर त्याचे उत्तर पहिल्या वादात न्यायालयाला द्यावे लागेल.